नवशाचा बांडा वळू

...नाय नाय, तुमीच सांगा, माझ्या गोठ्यात बांडं वासरू का म्हणून जन्मावं? आजाच्या काळापासून आमची गुरं तांबडी! ठिपका नाय, पट्टा नाय. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत लोक लांबून म्हणायचे, वाल्मिकची गुरं आली. माझी हौस एकच, घरच्या गोठ्यातली, डिट्टो एकसारखी तांबडी जोडी त्या जत्रेत उभी करायची, जीव अडकलाय हो त्यात! आणि वरच्या वाडीतला तो नवशा... त्याचा तो वळू! अर्धा काळा, अर्धा पांढरा, मेला अर्धवट सारवलेल्या भिंतीसारखा. भात कापलं की आमच्याकडं सगळ्यांची गुरं मोकळी, रानात चरतात, तिन्हीसांजेला आपापल्या घरी. माझ्या गायीपण येतात, पण पोटात काय घेऊन? बांडं! वळू बांधून ठेव म्हटलं, तर सांगा, मी काय चुकीचं बोललो?

नवशा तंबाखू मळत म्हणतो, "दादा, तुमच्याच गायी वर येतात. मी काय आवतान धाडतो?"

घ्या! मग मीपण पेटलो. काटेरी कुंपण घातलं, तीन वर्षं गुरं आत, आपलाच वळू, आपल्याच गायी. बायको शीतल तोंड सोडते, "गावाची गुरं रानात, आपली तुरुंगात, न् चारा मी कापू?" काप की! वासरं तांबडी झाली, हो, झाली! पण कशी? मांजराएवढी, पाय फेंगडे, एक तर उठलंच नाय. गुरांचे डॉक्टर माझ्यावरच डाफरले, "अहो, बापाला लेक, बहिणीला भाऊ, दुसरं काय होणार? बाहेरचं रक्त आणा!" आता घरचं घरात ठेवलं, यात मी काय चुकीचं केलं?

पौषात म्हशाला गेलो, हात हलवत. समोर कोण? नवशा! आणि त्याच्या दाव्याला... तांबडी जोडी! शिंगाला शिंग, खांद्याला खांदा, माझ्या आजाची गुरं! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी ओरडलो, "चोरा, कुठून उचललीस?"

"उचलतो कशाला? माझ्याच गायींची हायत. कुंपणाआधी तुमचा वळू काय देवळात बसायचा? तोपण रोज वरच यायचा. तुमाला फक्त आमचाच दिसला."

लोक हसले ना! पोट धरून हसले!

काय करता... परवा एक गाय घेऊन मीच डोंगर चढलो. नवशा दारातच, दात काढून. "बोला दादा, कोणता सोडू? बांडा, का तांबडा?"

म्हटलं, रंगाचं नाव काढू नकोस बाबा, ज्याचे पाय सरळ असतील तो सोड.