सुनंदानं पोरगी सोडली नाही

विद्यानगरच्या या हॉलमध्ये सुनंदाच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना जय भीम.

मी वत्सला, सुनंदाची मोठी बहीण. बोलायला उभी तर राहिले, पण तोंडात शिव्या येतायत. त्या गिळून बोलते. सांभाळून घ्या.

सुनंदा बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. घरात तिचं एकच भांडण. जन्मल्या जन्मल्या बाळाला आंघोळ घालायची नाही! माझा राहुल झाला तेव्हा आईनं गरम पाण्याची बादली तयार ठेवली होती. हिनं ती सरळ मोरीत ओतली. आई चिडली, "पोराला असंच घाण ठेवू काय गं?" ही म्हणाली, "राहू दे घाण. गार पडलं तर काय करशील?" आणि राहुलला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून शाल टाकली. मी लाजले. म्हणाली, "अक्का, लाजू नक्को. तुझ्या अंगाइतकी ऊब कशातच नाही."

आता त्या दुपारचं ऐका.

वॉर्डात एक बाई बाळंत झाली. रक्त थांबेना. गेली बिचारी. पोरगी जगली, अशक्त, एवढीशी. ऊब मिळावी म्हणून तिला वॉर्मरखाली ठेवली होती. तेवढ्यात बाईच्या माणसांनी दार फोडलं. खुर्च्या फेकल्या. काचा फोडल्या. वॉर्मर आडवा पाडला, पण त्याच्या आत सुनंदानं पोरगी उचलली होती. बाकीचे पळाले. सुनंदा नाही पळाली. तिनं युनिफॉर्मची बटणं तोडली, पोरीला आत छातीशी घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसली.

त्यांना काय वाटलं? पोर लपवली! चोरली! "बच्ची किधर छुपाई? निकाल!" सुनंदा ओरडत होती, "ठंडी पड़ जाती! नै देती!"

कोण ऐकतंय? पाठीत लाथा. डोक्यात सलाईनचा स्टँड. एकदा नाही. पुन्हा. पुन्हा. तिनं वार अडवले का नाहीत, असं काल कुणीतरी मला विचारलं. अहो, कशानं अडवणार? दोन्ही हातांत पोरगी होती ना!

पोलीस आले तेव्हा ती बसलेलीच होती. सोबतच्या सिस्टरनं तिच्या छातीशी हात घातला. सुनंदा गार पडत चालली होती. पोरगी ऊबदार होती.

मारणारे आत आहेत. त्यांना कडक शिक्षा व्हावी. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. आज मला कुणी शांती शिकवू नका.

पण दारात एक बाई उभी आहे. केव्हाची उभी आहे, कुणी आत बोलवत नाही. ती त्या पोरीची आजी. त्या दुपारी सगळ्यात मोठ्यानं हीच ओरडत होती. मघाशी माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला ढकललं. हौ, ढकललं. खोटं कशाला बोलू? तिच्या पदराखाली ती पोरगी आहे, कालच दवाखान्यातून घरी सोडलेली.

अम्मा, अंदर आओ. तुमच्यासाठी नाही म्हणत. पोरीसाठी म्हणतेय. दारात वारा लागतो. इथं भिंतीशी बसा, तिला अंगाशी धरा.

कुणीतरी पंखे बंद करा. सगळे.

आता उभे राहा. सुनंदासाठी दोन मिनिटं. पोरगी रडली तर रडू द्या. कुणी तिला गप्प करायचं नाही.