चौकातला फ्लेक्स

केजच्या स्टँडवर अंबाजोगाईची गाडी काही येत नव्हती आणि शेजारच्या बाकावर दोघं जण भांडत होते. त्यामुळे ज्योत्स्नाला ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

“नवनाथ, चौकात फ्लेक्स कशाला लावला बे?”

“बंकट, तुझ्यासारखा दोस्त दोन महिने हिमालय बघायला चाललाय, आन् फ्लेक्स न्हाई? लोक काय म्हणतील?”

“शेठला मी अजून सांगितलंच न्हाई! पेरणी उरकली, दुकानात बियाण्याची गर्दी हटली, की चहा पाजून सांगणार होतो. वापस आल्यावर जागा तशीच राहिली असती.”

“मग मला सांगायचं ना.”

“सांगितलतं! कुणाला बोलू नको म्हणलतो!”

“मी कुठं बोललो? छापलं.”

“आन् वर शुभेच्छुक म्हणून शेठचाच फोटो?”

“फ्लेक्सवर मालकाचा फोटो नसला, की मालकाला लई राग येतो. तुझ्याच भल्यासाठी टाकला.”

“शेठनं बघितला?”

“सकाळीच बोलावलं मला. फोटो बारीक आला म्हणले.”

“आन् माझं?”

“पोराला आडवायचं न्हाई म्हणले. जाऊ द्या, दुसरा माणूस मिळालाय.”

“कोण?”

नवनाथनं मान लांब करून गाडी येते का ते बघितलं. गाडी येत नव्हती.

“मला सोमवारपासून ये म्हणले.”



“तो फ्लेक्स तरी उतरव बे.”

“उतरवणार हाय. मोठ्या फोटोचा दुसरा लाव म्हणले शेठ. सोमवारी पयलं काम तेच हाय.”