वरून सोडलेलं पदक

यवतमाळच्या जिल्हा स्पर्धेत उंच उडी जिंकलेली शांता आठवते ना? तिच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला होता. बक्षीस समारंभाचे अध्यक्षसाहेब भाषणात समतेवर पुष्कळ बोलले. पदक देताना मात्र बोटाला बोट लागू नये म्हणून त्यांनी ते तिच्या ओंजळीत वरून सोडलं. शांतानं हात मागे घेतले. पदक मातीत पडलं.

हेडमास्तर कुजबुजले, "उचल ना वं! काहून उभी?"

"ज्याइच्या हातून पडलं, थे उचलतीन, सर."

"पदक वापस जाईन, पोरी."

"जाऊ द्या. मारलेली उडी तं माहीच राह्यते."

अखेर साहेब वाकले आणि त्यांनी पदक उचलून तिच्या हातावर ठेवलं. त्यांना इतकं खाली येताना तोवर कोणी पाहिलं नव्हतं.