आईच्या ओव्यांची विकी

धम्मप्रिया : बाबा, लॅपटॉपवरच्या या विकीत तीनच पानं आहेत. एप्रिलात तुम्हाला शिकवताना मी केलेली.

आनंदराज : तीन कशी? एकशे बारा ओव्या हायेत. तुझी माय जायच्या आदल्या रोजी शेवटची लिवली म्या. नीट बघ की जरा.

धम्मप्रिया : सकाळपासून तेच करतेय. लॅपटॉप कुणी बंद केला होता का?

आनंदराज : म्या तर कधीच न्हाई केला. सहा महिने नुसतं झाकण लावायलो. उघडलं की सगळं जिथल्या तिथं. माझी केवळा गेली, मग चार्जिंगचं ध्यान कुणाला ऱ्हातंय? आठ रोज तसंच पडलं. काल लावलं तवा नव्यानं सुरू झालं.

धम्मप्रिया : पण लिहून झाल्यावर सेव्ह करत होता ना?

आनंदराज : हाव की! ओवी लिवली की पानावरची बरोबरची खूण दाबायचो. यादीत नाव यायचं. माहेर ह्या शब्दावर बोट ठेवलं की माहेराच्या समद्या ओव्या पुढं हजर. केवळाला दाखवलं तर लई हसली. म्हणली, माझ्या ओव्यांला रूळ टाकले की ओ तुमी.

धम्मप्रिया : ती खूण त्या एका पानाची, बाबा. ही विकी म्हणजे सगळी मिळून एकच फाईल. ती जपून ठेवायला बाजूला वेगळं बटण आहे. नवीन काही लिहिलं की ते लाल होतं.

आनंदराज : व्हायचं की लाल. रोज व्हायचं.

धम्मप्रिया : मग दाबलं नाही?

आनंदराज : लाल झाल्यावर हात लावतंय का कुणी? छत्तीस साल रेल्वेत, मुदखेड जंक्शनला रूळ बदलणारा पॉईंट्समन होतो म्या. म्हटलं, मशीन थांब म्हणायली, आता छेडू नको. तर म्या छेडलं न्हाई.



धम्मप्रिया : चूक माझी आहे. दहा मिनिटांत शिकवलं आणि लातूरची गाडी पकडायला पळाले.

आनंदराज : तुझी कशाची? नांदेडला नेऊ का ह्ये दुकानात? पैसे लागू दे किती बी. कुणीतरी काढून देईल.

धम्मप्रिया : फाईलीत गेलंच नाही ते कुठून काढतील?

आनंदराज : आरं देवा... मग रविवारी तुझ्या मायच्या पुण्यानुमोदनाला काय वाचायचं? भंतेजींना सांगून बसलो म्या. वंदना झाली की केवळाच्या ओव्या वाचणार म्हणून.

धम्मप्रिया : साखरामावशीला विचारू. दोघी मिळूनच म्हणायच्या ना जात्यावर?

आनंदराज : सकाळीच इचारलं. तिला नुसतं मागचं येतंय. पुढचं केवळा उचलायची, मग ही ओढायची. रडाय लागली बिचारी.

धम्मप्रिया : तुम्हाला आठवतील तेवढ्या सांगा. मी लिहिते.

आनंदराज : लिव. लातूरच्या वाटंवर माझं लागल्यात डोळं... लेक शिकली माझी बाई... लेक शिकली माझी बाई... पुढं काय गं ते?

धम्मप्रिया : मला नाही माहीत.

आनंदराज : तुझ्यावरच केलती की तिनं.

धम्मप्रिया : हो. फोनवर म्हणत होती एकदा, ऐक म्हणून. मी म्हटलं, आई, मीटिंग आहे, बाबांकडून विकीत लिहून घे, मी नंतर वाचते.

आनंदराज : रडू नको, माय. तू तर लांब होतीस. म्या समोर बसलो होतो तिच्या. रोज संध्याकाळी. तोंडातली ओवी सोडून मधीच म्हणायची, ओ, वर बघा की जरा माझ्याकडं.

धम्मप्रिया : मग?

आनंदराज : मग काय. म्या म्हणायचो, दम धर, आधी ळ सापडू दे.