शंभरातून सात

बनशंकरीतल्या मेंदूच्या प्रयोगशाळेबाहेर प्रमोदिनी आपला नंबर यायची वाट बघत होती. डोक्याला तेल न लावता या, असं तिलाही बजावलं होतं. त्या परमुलखात शेजारच्या दोघी चक्क मराठीत बोलायला लागल्यावर तिचं पुस्तकात लक्ष लागेना. थोरली नुकतीच आतून आली होती, तिच्या पांढऱ्या केसांत तारा चिकटवायचा लेप तसाच होता.

"काय करायला लावलं, अक्का?"

"आधी नुसतंच बसवलं. कानात टिंग वाजलं की बटण दाबायचं."

"सोपं की."

"मी जास्तीच दाबलं म्हणे. वाजलं नव्हतं तेव्हाही."

"असं कसं?"

"आमचे हे अंथरुणावरून दिवसभर वाटीवर चमचा वाजवतात. पाणी दे, कुशीवर वळव, पंखा बंद कर. तीन वर्षं झाली बघ. थांबले तरी मला ऐकू येतंच."

"मग?"

"मग शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले, मनातल्या मनात. टिंग चालूच होतं म्हणे. मला एकही ऐकू आलं नाही."

"एकही?"

"टिंग वाजलं की पडद्यावर उठणारी लाटसुद्धा लहान झाली, आतल्या पोरीनं दाखवलं. मी म्हटलं, स्वल्प आणखी गणितं घाल की. ती हसली. झालं म्हणाली, घरी जा."

"श्रीहरी आहे ना वडिलांपाशी?"

"आहे. पण त्यांना मीच लागते."

पिशवीत फोन वाजायला लागला.

"अक्का, घरून असेल."

अक्कांनी पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि डोळे मिटले.

"शंभर," त्या पुटपुटल्या. "त्र्याण्णव. शहाऐंशी."