मला सगळं सांगून गप्प केलं

...नाही, तोंड बंद करायचं तर सरळ ‘गप्प बस’ म्हणावं ना माणसानं! मी भांडले तरी असते. पण या हेरखात्याच्या लोकांनी काय केलं ठाऊक आहे? मला सगळं सांगितलं! आणि तुम्हाला सांगते, असं तोंड माझं सासूनंसुद्धा बंद केलं नव्हतं.

मी कोण? चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं रद्दीतले कागद वाचून शिकले, निवडणुकीत आपटत आपटत एकदाची निवडून आले, आणि हेरखात्यावर नजर ठेवणाऱ्या समितीत जाऊन बसले. पक्षाला वाटलं, म्हातारी तिथं डुलक्या घेईल. डुलक्या? मी?

तर आमच्या धाकट्या बहिणीच्या घराला लागून गाद्यांचं दुकान आहे. गाद्यांचं म्हणजे, पाटी गाद्यांची. गादी विकलेली आजवर कुणी पाहिली नाही. गिऱ्हाईक आत शिरलं की दुकानदारच दचकतो! छपरावर तारांचं रान, आणि मागच्या बोळात जनरेटर... सदानकदा घुर्रर्र, घुर्रर्र, धूर थेट धाकटीच्या खिडकीत. तिला दमा. डोळ्याला डोळा नाही बिचारीच्या. म्हणाली, “अक्का, तुझ्या निवडून येण्याचं काय लोणचं घालू? दुकान कुणाचं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. विचार की सभागृहात!”

विचारणारच होते! प्रश्न दिलासुद्धा: दुकान कुणाचं, आणि जनरेटर कधी हलवणार?

झालं, मखमल हजर! मखमल म्हणजे हेरखात्याचा साहेब, निवडून आलेल्यांना सांभाळणं एवढंच त्याचं काम. नाव मीच ठेवलंय. माणूस गोड हो, अगदी गोड! दार उघडून धरतो, गुडघ्यांची चौकशी करतो, मी चहात साखर किती घेते तेही त्याला ठाऊक. कसं ठाऊक, ते विचारायचं नाही. “ताई, तुमच्यापासून काय लपवायचं? या ना, खोलीत बसून बोलू.”

खोली म्हणजे समितीची बंद खोली. खिडकी नाही, फोन बाहेर ठेवायचा, आणि आत ऐकलेलं बाहेर बोललात तर तुरुंग. तशी शपथच असते आमची. मी मनात म्हटलं, घाबरले लेकाचे! बसले ऐटीत. आणि मखमलनं, लोणी लावावं तसं, हळूहळू सगळं सांगितलं. काय सांगितलं म्हणता? अहो, तेच तर!

“आता ताई, तो प्रश्न तेवढा...”

“अहो, पण मला ते गल्लीतच कळलं होतं!”

“असेल ना. पण तुम्ही बोललात ते गल्लीतलं की खोलीतलं, हे ठरवायला लागेल.”

“कोण ठरवणार?”

“आम्हीच,” म्हणाला. आणि बिस्किटाची बशी पुढं सरकवली. माणूस गोड!

समितीतल्या एका मुरलेल्या सभासदाला गाठलं. तो म्हणाला, “बाई, मी त्या खोलीत जातच नाही. काही ऐकलेलं नाही, म्हणून हवं ते विचारू शकतो. फक्त काय विचारायचं, ते मला ठाऊक नसतं.”

घेतला प्रश्न मागे. काय करते! धाकटी तणतणली, “घाबरलीस ना, अक्का?”

“नाही गं.”

“मग सांग, दुकान कुणाचं?”

“मला ठाऊक नाही.”

“शेंबड्या पोराला ठाऊक आहे!”

“असेल. मला नाही.”

उभ्या जन्मात मी कुणापुढं ‘ठाऊक नाही’ म्हटलं नव्हतं हो! बहिणीनं बोलणं टाकलं. शेवटी मखमलला म्हटलं, “अहो, निदान तिच्या झोपेचं तरी बघा!” हात जोडून म्हणाला, “ताई, मनावर घेतो.”

आणि घेतलं हो मनावर! परवा गेले तर धाकटीच्या खाटेवर नवीकोरी गादी. जाड, मऊ, फुकट. मागं जनरेटर... घुर्रर्र!

धाकटी वर बसून खोकतेय आणि हसतेय. “अक्का, एवढ्या वर्षांत पहिली गादी निघाली बघ त्या दुकानातनं!”

मी खिडकी लावून घेतली, तिच्या शेजारी टेकले. गादी खरंच मऊ होती.

म्हटलं, “कुठलं दुकान गं?”