बशीतली जोडी

(रुग्णालयाची खोली. पलंगावर लग्नं जुळवणाऱ्या मावशी, बाजूला भाची, दारात डॉक्टर.)

डॉक्टर : सकाळी नऊला निकाल आला, मावशी. प्रयोगशाळेत तुमच्या कॅन्सरच्या पेशींवर औषधांच्या जोड्या लावून पाहिल्या. एक जोडी जमली.

मावशी : नऊला? आता अकरा वाजलेत. स्थळ पसंत पडलं की मी पाच मिनिटांत फोन करते.

भाची : मावशी, त्यांना बोलू दे गं.

डॉक्टर : गोळी एकटी घातली, पेशी ढिम्म. इंजेक्शनचं औषध एकटं घातलं, तरी ढिम्म. दोन्ही एकत्र घातली, तर बशीतल्या बहुतेक पेशी मेल्या.

मावशी : करतात काय दोघं?

डॉक्टर : गोळी पेशींचा सुटकेचा रस्ता बंद करते. मग इंजेक्शन त्यांना मारतं.

मावशी : एक दार अडवून उभी, दुसरा झोडपतोय. असे संसार मी पाहिलेत. टिकतात.

भाची : मग हो म्हण ना!

मावशी : थांब. कशात बघितलं म्हणालास?

डॉक्टर : काचेच्या बशीत.

मावशी : बशीपुढे सगळेच गोड वागतात रे. चहा संपला की पुढे घर असतं. तूही गोडच वागला होतास.

भाची : मावशी!

मावशी : खोटं आहे का? याचं लग्न मीच जमवलं.

डॉक्टर : आठ महिने टिकलं.

मावशी : मुलगी चांगली होती.

डॉक्टर : मीही चांगला होतो.

मावशी : तेच तर म्हणतेय मी.

डॉक्टर : म्हणून आधीच सांगतो. ही जोडी अजून चाचणीत आहे, फार थोड्यांना दिलीय. काहींचा आजार हटला, काहींचा नाही. दोघांना इतका ताप चढला की औषध थांबवावं लागलं.

मावशी : खोट आधी सांगणारा तू पहिलाच. स्वतःच्या वेळी का नाही सांगितलीस?

डॉक्टर : तुम्हीच म्हणालात, घोरण्याचं बोलू नकोस.

मावशी : बरं. आणि मी नको म्हटलं तर?

डॉक्टर : आजार दुसऱ्यांदा उलटलाय, मावशी. जुन्या औषधांना तो आता दाद देत नाही.

मावशी : किती दिवस, ते मी विचारत नाही हं.

डॉक्टर : मीही सांगत नाही.

मावशी : तू डोळे पूस गं. बोलणी चालू असताना रडलं की समोरचा अटी वाढवतो.

डॉक्टर : होकार हवाय. तुमचाच.

मावशी : आयुष्यभर दुसऱ्यांचे घेतले. एवढा जड असतो होय हा शब्द? घे. होकार.

(त्याच दिवशी दुपारी, तीच खोली.)

भाची : चार वाजले, मावशी. गोळी गेली, इंजेक्शनही झालं. काही जाणवतंय?

मावशी : तोंड कडू पडलंय.

भाची : डॉक्टर, लागू पडतंय की नाही हे कधी कळणार?

डॉक्टर : आठवड्याने रक्त तपासू. आत्ता ताप किती?

भाची : शंभराला टेकलाय.

डॉक्टर : मोजत राहा. वाढला तर लगेच हाक मारा.

भाची : मी इथेच बसते, हात धरून.

मावशी : नको. पडदा ओढ आणि जरा बाहेर थांब. माझ्या अंगात पहिल्यांदाच भेटलेत दोघं, एकटं सोडा त्यांना.